घरचा म्हणून

२ नोव्हेंबर १८७६

थोरल्या,

आशीर्वाद. तब्येत बरी असेल, छापखान्यातलं काम ठीक चाललं असेल, असं धरून पुढचं लिहिते. मागच्या पत्रात तू म्हणाला होतास की वडिलांचं नाव आलं की तू पत्राची घडी घालून ठेवून देतोस. या वेळी तसं करू नकोस, कारण हे सगळं पत्र त्यांच्याबद्दलच आहे. या घरात दुसरं असतं तरी काय?

सोमवारी शाळा-तपासनीस आला. न कळवता. चष्मेवाला, नवा आहे. बसायला खुर्ची नव्हती, तर लहान मुलांच्या बाकावर बसला आणि गुडघे हनुवटीला टेकले. हे तेव्हा शेतात होते. शाळा सकाळी आणि शेत दुपारी, हा यांचा नेम तुला ठाऊक आहे. पण त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, म्हणून मोठ्या मुलांना गणितं घालून दिली, लहानांना तुझ्या धाकट्या बहिणीच्या हवाली केलं आणि हे गवत झाकायला गेले. तपासनीस आला तो नेमका त्याच वेळी. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे.

निरोप गेला तसे हे आले. पायाला चिखल, डोक्यात गवताच्या काड्या. साहेबाने विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात की शेतकरी?"

माणसाने सरळ उत्तर द्यावं की नाही? हे म्हणाले, "सकाळी शिक्षक, दुपारी शेतकरी, संध्याकाळी बायकोचा गुन्हेगार."

साहेब हसला नाही.

मुलांची उत्तरं बरोबर आली, सगळी. नद्या, डोंगर, अपूर्णांक, शुद्धलेखन. पण साहेब म्हणाला, आता नवा नियम झालाय. पुढच्या वर्षापासून प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला शाळा चालवता येणार नाही. एप्रिलात शहरात परीक्षा आहे. बसा, पास व्हा, नाहीतर शाळा सोडा. जाता जाता छपराकडे बोट दाखवून म्हणाला की गळतंय.

तुझे वडील सबंध दुपार एकच वाक्य बोलत होते, "मी परीक्षा देत नसतो, घेतो." तू पाळण्यात होतास तेव्हा यांनी आपल्याच गोठ्यात मेंढपाळांची तीन मुलं घेऊन ही शाळा सुरू केली. गोठ्यातून ती आजच्या खोलीत गेली, ती यांनीच दगड वाहून बांधली. आणि आता काल आलेला पोर यांना विचारतो, तुम्हाला शिकवता येतं का. राग येणारच. पण राग आला म्हणून कुणी शिडी घेऊन छपरावर चढतं का? चढले. कौलं बदलायला. तेव्हापासून यांचा पाय जरा दुखतोय. विशेष काही नाही.

धाकटी बरी आहे. लहान मुलांचा सगळा वर्ग आता तीच बघते. एकोणीस वर्षांची झाली, पण मुलं तिच्या मानेवर चढतात आणि तरी ऐकतात. मला हे कधी जमलं नाही, ना मुलांच्या बाबतीत ना नवऱ्याच्या.

यांनी तुझी चौकशी केली नाही. फक्त शहराकडून गाडीवान आला की हे दारात जातात आणि त्याच्या बैलांची चौकशी करतात.

तुझी आई


२८ नोव्हेंबर १८७६

थोरल्या,

तर गाडीवानाने तोंड उघडलंच. एका माणसाच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ.

हो, पाय मोडलाय. गुडघ्याखाली. शिडी सरकली. हाडवैद्याने फळ्या बांधल्या आहेत आणि वसंतापर्यंत खाट सोडायची नाही म्हणून सांगितलंय. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू आला असतास किंवा आला नसतास, आणि या दोन्हींतलं कुठलंही सोसायची माझी तयारी नव्हती.

खाट खिडकीपाशी लावली आहे, ही मलाच आठवलेली अवदसा. खिडकीतून वरचं शेत दिसतं. पेरणी मी आणि धाकटीने केली. मी औत धरलं, ती पुढे बैलांपाशी. आणि खिडकीतून सतत, "औताचं तास वाकडं जातंय!" मी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा औत तिथेच सोडून खिडकीखाली आले आणि म्हटलं, गहू उगवताना तास सरळ आहे की वाकडं हे बघत नाही, आणि तुम्हाला फारच दिसत असेल तर खाट उलटी फिरवते. मग गप्प बसले. संध्याकाळपर्यंतच.

आता तुझ्या पत्राबद्दल. "आता त्यांनाही कळेल, दुसऱ्याच्या एका शब्दावर आपलं आयुष्य कसं लटकतं." हे तू लिहिलंस. मी ते यांना वाचून दाखवलं नाही. आजवर तू मला जे जे लिहिलंस त्यातलं चांगलं तेवढं मी मोठ्याने वाचते आणि उरलेलं गिळते. माझ्या पोटाचा विचार कर जरा. मला का ठाऊक नाही काय झालं ते? शहरातल्या अध्यापक शाळेने या गावातून एकच मुलगा मागितला, आणि यांनी तुझ्याऐवजी लोहाराच्या मुलाचं नाव पाठवलं. का, ते ना तुला सांगितलं ना मला. तू न जेवता पिशवी उचललीस. दुसऱ्या दिवशी यांनी वर्गात अपूर्णांक शिकवले, जणू घरातून काही वजाच झालं नाही. पाच वर्षं तुम्ही दोघं तोंडं फिरवून बसला आहात आणि मी मधली भिंत. दोन्हीकडून ठोकर बसते ती भिंतीलाच.

आता जे सांगणार आहे ते बसून वाच. शाळा बंद पडू नये म्हणून तपासनीसाने एप्रिलपर्यंत बदली शिक्षक पाठवलाय. प्रमाणपत्रवाला. कोण ते ओळखलं असशीलच. लोहाराचा मुलगा.

लोहार जाऊन दोन वर्षं झाली, भट्टी विकली, घर राहिलं नाही. मग तो राहणार कुठे? हे खाटेवरून म्हणाले, "आपल्याकडे. वरची खोली रिकामीच आहे." रिकामी! मी त्या खोलीला रोज झाडू मारते. तुझ्या खोलीत तो झोपतो, तुझ्या खुंटीला सदरा टांगतो. खुंटी सैल होती ती ठोकायला गेला, तर अंगठा ठेचून घेतला. लोहाराचा मुलगा! मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुलगा वाईट नाही. ताट स्वतः उचलतो. म्हणूनच जास्त चीड येते. वाईट असता तर मनसोक्त रागावता आलं असतं.

तुझी आई


२१ जानेवारी १८७७

थोरल्या,

घरात आता शाळा आहे आणि शाळेतही शाळा आहे. मी कुठे जाऊ ते सांग.

त्याचं असं झालं. लोहाराच्या मुलाने आपली पुस्तकं खाटेजवळच्या स्टुलावर ठेवली. मुद्दाम ठेवली असं मला वाटतं, पण तो कबूल करत नाही. यांनी एक उचललं ते चुका काढायला. चुका सापडल्या, म्हणून दुसरं उचललं. मग तिसरं. आठवड्याने म्हणाले, "परीक्षेला बसतो. त्यांना दाखवतो." मी विचारलं, काय दाखवता? म्हणाले, "ते बसल्यावर कळेल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी भांडण. त्या पुस्तकांत म्हणतात की मुलांना आधी अक्षरं शिकवायची नाहीत, आधी सबंध शब्द दाखवायचा. हे म्हणतात, आधी वीट की आधी घर? लोहाराचा मुलगा म्हणतो, मास्तर, मूल आधी आई ओळखतं, मग तिचं नाक-डोळे ओळखतं. हे म्हणतात, आई आणि अक्षर यात फरक आहे. तो म्हणतो, फार नाही. आणि मग दोघं माझ्याकडे बघतात, जणू मी निकाल देणार. मला तुझ्या वडिलांनीच लिहायला शिकवलं, लग्नानंतर, चुलीपुढच्या राखेत बोट धरून. आधी अक्षर शिकवलं की शब्द, हे मला आठवतसुद्धा नाही. राख डोळ्यांत गेली होती एवढं आठवतं.

मेंढ्या व्यायला लागल्या आहेत. तुला ठाऊक आहे ते दिवस कसे असतात. निम्मा वर्ग गोठ्यांत. यांच्या वेळी या दिवसांत शाळा अर्धीच भरायची आणि कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. लोहाराच्या मुलाला नियमाने हजेरी वर पाठवावी लागते, तो बिचारा गोठ्यागोठ्यात जाऊन मुलांना हाका मारतो आणि शेवटी तिथेच बसून पाढे म्हणून घेतो. परवा आपल्या गोठ्यात बसला होता, मांडीवर ओलं कोकरू, समोर चार मुलं. धाकटी हसत होती. मी बघितलं आणि चाऱ्याची पेंढी उचलून पुढे गेले. सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

यांचा अभ्यास धाकटीच घेते. तिला बसायला वेळ नाही, तर ती मेंढ्यांना चारा टाकताना, पाणी ओढताना प्रश्न विचारते आणि हे खिडकीतून उत्तरं ओरडतात. आळीतल्या सगळ्यांना आता जगातल्या खंडांची नावं पाठ झाली आहेत. गिरणीवाला त्या वाटेने जाताना थांबला आणि म्हणाला, "मास्तर, कर्कवृत्त पुन्हा सांगा, नीट ऐकू नाही आलं." मी हसले नाही. घरात येऊन हसले.

एक गोष्ट मात्र सांगते. परवा व्याजाचं एक अवघड गणित होतं. यांनी उत्तर दिलं. धाकटी बादली घेऊन चालली होती, तशीच थांबली आणि म्हणाली, "बाबा, चुकलं." आणि बरोबर उत्तर तोंडी सांगितलं. मी चुलीपाशी होते, मला वाटलं आता हे घर डोक्यावर घेणार. यांनी पुस्तक मागवलं, पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पुढचा प्रश्न विचार."

तू यांच्या अभ्यासाची थट्टा केलीस. मीही करते. पण मी रोज करते, समोर करते, आणि मग पाय शेकून देते. लांबून केलेली थट्टा वेगळी असते, थोरल्या.

तुझी आई


२९ एप्रिल १८७७

थोरल्या,

नापास झाले.

मी हे असं एका ओळीत लिहिलं, कारण इथे गेले चार दिवस कुणी ते एका ओळीत बोलायला तयार नाही. "निकाल अनुकूल नाही," "पद्धतीत फरक पडला." नापास म्हणजे नापास. यांनी शंभर मुलांना तोंडावर सांगितलं असेल, आता एकदा स्वतः ऐकावं.

कुबडी घेऊन गाडीवानाच्या गाडीतून शहरात गेले. धाकटी सोबत गेली, पायाचं बघायला, डबा द्यायला. तीन दिवसांनी परत आले तेव्हा इतके खूश की मला शंका आली. मग निकाल आला. गणित, भूगोल, इतिहास, व्याकरण, सगळ्यात चांगले गुण. गेले कशात? अध्यापन पद्धतीत. तेवीस वर्षं शिकवणारा माणूस शिकवण्यातच नापास. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तो इतका?

प्रश्न असा होता: मुलं वारंवार गैरहजर राहिल्यास शिक्षकाने काय उपाय करावेत? याचं उत्तर पुस्तकात छापलेलं आहे. समज द्यावी, पालकांना बोलवावं, दंड करावा. धाकटीने यांच्याकडून ते घोकून घेतलं होतं, मी स्वतः ऐकलंय. पण यांनी काय लिहिलं? चार पानं लिहिली. की मेंढ्या व्यायच्या दिवसांत मूल गोठ्यात असतं ते त्याचं बरोबर असतं. की अशा वेळी मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं. इथवर ठीक. मग शेवटी लिहिलं, "हा प्रश्न काढणाऱ्याने आयुष्यात कधी कोकरू हातात घेतलेलं दिसत नाही."

मी विचारलं, कुणी सांगितलं होतं शेवटचं वाक्य लिहायला? म्हणाले, "ते खरं आहे." अरे, खरं असेल! पण सगळं खरं कागदावर लिहायचं असतं का? मी यांच्याबद्दलचं सगळं खरं लिहायला घेतलं तर गावातला कागद पुरणार नाही.

आता दुसरी बातमी. तीही बसूनच वाच.

धाकटी पास झाली.

माझ्यासारखाच तूही पुन्हा वाचत असशील, म्हणून नीट सांगते. बायकांसाठी वेगळ्या खोलीत परीक्षा होती. हे आपल्या खोलीत चार पानं खरडत होते तेव्हा ही डबा ठेवून पलीकडच्या खोलीत जाऊन बसली. लोहाराच्या मुलाने तिथल्या मुख्य बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. दोघांनी मिळून ठरवलं, माझ्याच चुलीसमोर, माझंच जेवून, आणि मला ताकास तूर लागू दिली नाही. सगळा हिवाळा वडिलांचा अभ्यास घेता घेता हिचा स्वतःचा झाला होता. मला आता कळतंय की पाणी ओढताना ती प्रश्न दोनदा का वाचायची. एकदा त्यांच्यासाठी, एकदा स्वतःसाठी.

मी तिला विचारलं, तुला तोच प्रश्न होता? गैरहजेरीचा? म्हणाली, हो. मग काय लिहिलंस? म्हणाली, "बाबांनी लिहिलं तेच. फक्त शेवटचं वाक्य सोडून."

यांनी तिचा निकाल वाचला. म्हणाले, "अक्षर सुधारायला हवं." कुबडी घेतली आणि मागच्या दाराने मेंढ्यांकडे गेले. मी थोड्या वेळाने दूध घेऊन गेले तर एका मेंढीला धरून तिचे खूर तपासत होते. खूर चांगले होते. ते तपासतच राहिले. मी दुधाचा पेला कुंपणावर ठेवून परत आले.

तुझी आई


२० मे १८७७

थोरल्या,

हे पत्र मी सावकाश लिहिणार आहे. काल जे झालं ते तुला जसंच्या तसं कळायला हवं, गाडीवानाच्या तोंडून नव्हे.

शाळा कुणाला द्यायची हे ठरवायला तपासनीस आला. शाळेच्या खोलीत बैठक होती. गिरणीवाला, दुकानदार आणि आणखी चारपाच पालक. उमेदवार दोन, लोहाराचा मुलगा आणि आपली धाकटी. जुन्या शिक्षकाने शिफारस करायची, तिला वजन असतं.

आदल्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "लोहाराच्या मुलाचं नाव देतो." धाकटी तिथेच होती. तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर गेली. मी विचारलं, का? म्हणाले, "लोक म्हणतील, मास्तरने शाळा घरातच ठेवली." मी ताटं उचलली. मी गप्प बसले की यांना वाटतं मला पटलं. बत्तीस वर्षं झाली संसाराला, अजून फरक कळत नाही.

काल मीही गेले. बैठकीला बायका जात नाहीत. गेले, मागच्या बाकावर बसले. मला बघून गिरणीवाल्याने खाकरलं. मी पण खाकरले.

तपासनीसाने विचारलं, "मास्तर, तुमचं मत?"

हे उभे राहिले. "माझ्या मते..." इतकं म्हणाले आणि मी उठले. मी म्हटलं, "साहेब, यांनी मत देण्याआधी मला यांना एक विचारायचंय. घरचं आहे, पण शाळेचंही आहे."

साहेबाने यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मी हो धरलं.

"पाच वर्षांपूर्वी अध्यापक शाळेसाठी नाव द्यायचं होतं. आपला थोरला आणि हा लोहाराचा. दोघांत हुशार कोण होता?"

लोहाराचा मुलगा पहिल्या बाकावर बसला होता. माझ्या मनात आलं, हे आता तपासनीसाला म्हणतील, हिच्याकडे लक्ष देऊ नका. आणि मी म्हणाले असते, ठीक आहे, आणि घरी जाऊन पीठ मळलं असतं.

पण यांना खोटं बोलता येत नाही. तोच तर सगळा त्रास आहे.

"थोरला," हे म्हणाले.

"मग त्याचं नाव का नाही दिलं?"

"तो माझा होता."

मी म्हटलं, "परक्याला परका म्हणून मागे ठेवलं तर तुम्ही त्याला अन्याय म्हणता. वर्गात मुलांना तसं शिकवता. मग घरच्याला घरचा म्हणून मागे ठेवलं, त्याला काय म्हणायचं? ते सांगा, आणि मग हवं त्याचं नाव द्या."

एवढंच बोलले. आणखी बरंच ठरवून गेले होते, पण तेवढ्यावरच खाली बसले.

मग लोहाराचा मुलगा उठला. मी त्याच्याबद्दल तुला जे जे लिहिलंय त्यातलं अर्धं मागे घेते. तो म्हणाला, "मास्तर, मला तेव्हाच माहीत होतं. वर्गात सगळ्यांनाच माहीत होतं. मी दुसऱ्याच्या जागेवर बसलोय हे डोक्यात ठेवूनच तिथे शिकलो, म्हणून दुप्पट शिकलो." आणि तपासनीसाकडे वळून म्हणाला, "यांच्या मुलीचा वर्ग मी सहा महिने पाहिलाय. लहान मुलांना ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. या शाळेत लहानच जास्त आहेत."

तुझे वडील कुबडीवर रेलून उभे होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ. ती पाठ मी शेतात इतकी वर्षं बघत आले आहे, पण अशी कधी पाहिली नव्हती. त्यांनी मग धाकटीचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, ठासून, हजेरी घेताना सांगतात तसं. पुढे म्हणाले, "अक्षर सुधारायला हवं. बाकी तिच्याइतकं चांगलं शिकवणारं या गावात कुणी नाही. मी धरून."

गिरणीवाल्याने विचारलं की दांडगी मुलं मुलीला जुमानतील का. यांनी विचारलं, तुमचा धाकटा वाचायला कुणाकडे शिकला? गिरणीवाला खाली बसला. तपासनीस म्हणाला, एक वर्षासाठी नेमू, मग बघू. कंजूष माणूस आहे, पण नेमलं. लोहाराच्या मुलाला नदीपलीकडची मोठी शाळा मिळतेय, तिथे मोठे वर्ग आहेत. तो काल निघताना धाकटी त्याला पुलापर्यंत सोडायला गेली. पूल लांब नाही. परत यायला तिला बराच वेळ लागला.

वाटेत हे कुबडी टेकत पुढे, मी मागे. दारापाशी आल्यावर हे म्हणाले, "थोरल्याला लिहिशील ना हे?"

मी म्हटलं, "काय लिहू?"

"जे झालं ते."

तर हे असं झालं. यात मी काही भर घातली नाही. तुला यांच्यातर्फे माफी पाठवत नाही, ती यांनी माझ्याकडे दिलेली नाही. भर सभेत, ज्याला तुझी जागा दिली त्याच्यासमोर, तुझं नाव घेतलं, एवढंच मला तुला सांगता येतं. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मी आता भिंतीचं काम सोडलंय. माझी पाठ दुखते.

तुझी आई


८ जुलै १८७७

थोरल्या,

हे काय केलंस?

गाडीवान आला, मी पुढे झाले, नेहमीसारखा हात पुढे केला. तो म्हणाला, "तुमचं नाही, मास्तरांचं आहे." पाच वर्षं या घरात तुझी पत्रं येतात ती माझ्या नावाने. हे दारातच होते, बैलांची चौकशी करत. यांनी पाकीट घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि सदऱ्याच्या आत घातलं. माझ्यासमोर फोडलंसुद्धा नाही! सरळ वरच्या शेतात निघून गेले, कुबडी न घेता. हाडवैद्याने अजून महिनाभर घ्यायला सांगितली होती.

परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणतोय? म्हणाले, "बरा आहे." बरा आहे! एवढ्यासाठी इतकं जाड पाकीट? मी म्हटलं, आणखी काय? म्हणाले, "छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवताना अक्षरं उलटी वाचावी लागतात म्हणे." आणि एकटेच हसले. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. जेवताना पुन्हा विचारलं. धाकटीने विचारलं. शेवटी धाकटीने मास्तरीण म्हणून विचारलं, तरीही नाही.

आपल्या या थंड डोंगरात उशिरा पिकणारा गहू पिवळा होऊन उभा आहे. आभाळाचा भरवसा नाही. शेजारी कापणीला लागले, धाकटी शाळा अर्धी सोडून विळा घेऊन गेली, मी कमरेला पदर खोचून उभी आहे. आणि हे, ज्यांनी साऱ्या आयुष्यात कापणीचा एक दिवस वाया घालवला नाही, सकाळपासून दार लोटून मेजापाशी बसले आहेत. लिहितायत. तीन कागद फाडले, चौथा चालू आहे. शुद्धलेखनाचं पुस्तक जवळ घेतलंय. मला जन्मभर ऱ्हस्वदीर्घावरून बोलणारा माणूस!

मघाशी मी निमित्त काढून आत गेले आणि खांद्यावरून डोकावले. यांनी चटकन दोन्ही हातांनी कागद झाकला, शेजारच्या मुलाने बघू नये म्हणून शाळेत पोरं पाटी झाकतात ना, तसा.

तुझी आई